पदकाची कड आधी वाचा : जुनी लष्करी पदके ओळखू आणि जमवू पाहणाऱ्यांसाठी

माझ्या संग्रहातले पहिले पदक मला नाशिकच्या सराफ बाजारात, मोडीत आलेल्या चांदीच्या डब्यात मिळाले. तुटके वाळे, जोडवी आणि करदोट्याचे दुवे यांच्यात ते पडलेले होते आणि दुसऱ्या दिवशी ते आटणीला जाणार होते. मी ते चांदीच्या वजनाने घेतले. घरी आल्यावर भिंगाखाली त्याची कड फिरवून पाहिली, तेव्हा बारीक इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक, एक हुद्दा, एक मराठी नाव आणि शेवटी ११० व्या मराठा पलटणीची खूण दिसली. ती ओळ वाचेपर्यंत माझ्या हातात चांदीची एक चकती होती. वाचल्यावर एका शिपायाच्या नोकरीचा कागद हाती आल्यासारखे झाले.

पुढच्या काळात मी अनेक चुका केल्या. चुकीच्या गोष्टींना पैसे दिले, एक चांगले पदक घासून बिघडवले आणि ज्यांना विचारायला हवे होते त्या वडीलधाऱ्यांना वेळेवर विचारले नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या टाळता याव्यात म्हणून मला उपयोगी पडलेला क्रम येथे मांडतो आहे. भर मराठी सैनिकांना मिळालेल्या पदकांवर आहे, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील हिंदी फौजेची आणि स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय सैन्याची पदके.

१. सुरुवात बाजारातून नव्हे, घरातून करा

नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी या भागांत सैन्यात गेलेला एखादा आजोबा किंवा चुलत आजोबा नाही, असे भावकीचे गोत क्वचितच सापडेल. देवळालीच्या छावणीमुळे लढाऊ पलटणींखेरीज स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाले आणि दवाखान्यातले वॉर्डबॉय म्हणूनही अनेकांनी नोकरी केली. त्यांनाही पदके मिळाली आहेत, हे घरच्यांना बहुधा माहीत नसते. म्हणून आधी आपल्या घरातली लोखंडी ट्रंक उघडा, मग आजोळची, मग आत्याच्या सासरची.

पदक हाती आले की लगेच पुसू नका, फीत सोडवू नका आणि कोणतीही वस्तू दुसरीपासून वेगळी करू नका. जशी आहे तशी छायाचित्रे घ्या. त्यानंतर घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसून पदक कोणाचे, नाते काय, मूळ गाव कोणते, तो माणूस कोणत्या पलटणीत होता आणि परत कधी आला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सांगणाऱ्याला पलटणीचे नाव आठवत नसेल, पण “ते बसऱ्याला होते” किंवा “इटलीहून पत्र यायचे” एवढे आठवत असेल, तर तेही मोलाचे आहे, कारण पुढे कडेवरच्या नोंदीशी ते जुळवून पाहता येते.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. निफाड तालुक्यातल्या एका घरी मला एकाच शिपायाची तीन पदके तीन भावांच्या घरी सापडली. जमिनीची वाटणी झाली तेव्हा पदके शेजारी शेजारी शिवलेली पट्टी उसवून प्रत्येकाने एकेक पदक घेतले होते. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. वडिलांची आठवण प्रत्येकाला हवी होती. पण एका माणसाला मिळालेली सगळी पदके एकत्र असतात तेव्हाच त्याच्या नोकरीचा माग लागतो. वाटणी टाळता येत नसेल, तर निदान सर्व पदके एकत्र मांडून दोन्ही बाजूंची आणि कडांची छायाचित्रे घ्या आणि कोणते पदक कोणाकडे गेले याची चिठ्ठी प्रत्येकाजवळ ठेवा.

नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या घरी जाताना पहिल्याच भेटीत विकत मागू नका. मी सुरुवातीला असे केले आणि एका घराचे दार माझ्यासाठी कायमचे बंद झाले.

२. जवळ ठेवायची साधने आणि कागद

साधने फार खर्चिक नाहीत:

• दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग
• मिलिमीटरमध्ये मोजणारे व्हर्नियर कॅलिपर
• ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा
• साधा लोहचुंबक
• सुती हातमोजे आणि खाली अंथरायला मऊ, स्वच्छ कापड
• मऊ पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही

घरच्या पदकासाठी सैनिकाचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पगारपुस्तक, गणवेशातले छायाचित्र, युद्धावरून आलेली पत्रे आणि पदक ज्या खोक्यातून किंवा लिफाफ्यातून आले ते खोकेसुद्धा जपून ठेवा. टपालाचा शिक्का असलेला रिकामा लिफाफा मी एकदा कचरा समजून टाकणार होतो. सैनिकाच्या गावाचे नाव केवळ त्यावरच होते. विकत घेतलेल्या पदकासाठी विक्रेत्याची सही असलेली पावती, तारीख, किंमत आणि ते त्याच्याकडे कोठून आले याबद्दल त्याने सांगितलेली माहिती, एवढे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. हातातली वस्तू नेमकी काय आहे ते ठरवा

आपण सगळ्यांनाच “मेडल” म्हणतो, पण त्यांत निरनिराळे वर्ग आहेत. शौर्यपदक एखाद्या कृतीसाठी मिळते. मोहिमेचे पदक ठरावीक काळात ठरावीक रणक्षेत्रात असलेल्या प्रत्येकाला मिळते. दीर्घ सेवेचे पदक वर्षांवर मिळते. राज्यारोहण, दरबार किंवा वर्धापन अशा निमित्ताने वाटलेली पदके हा आणखी एक वर्ग. यांखेरीज टोपीवरचे आणि खांद्यावरचे बिल्ले, शाळेतली बक्षिसे आणि संस्थानांनी दिलेली पदके यांची नेहमी सरमिसळ होते. विकणारा जवळजवळ प्रत्येक वस्तूला शौर्यपदक म्हणतो. हाती येणाऱ्या दहांपैकी नऊ वस्तू मोहिमेच्या किंवा सेवेच्या असतील, अशी तयारी ठेवा आणि त्यामुळे निराश होऊ नका.

ब्रिटिश काळात हिंदी सैनिकांसाठीची शौर्यपदके वेगळी होती. ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली सुरू केले आणि ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ १९०७ साली आले. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’साठी हिंदी सैनिक १९११ पासून पात्र ठरले. दुसऱ्या महायुद्धात ते मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघेही पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटचे होते. दोघांच्याही लढाया इटलीतल्या, १९४४ आणि १९४५ च्या. या वर्गातली वस्तू बाजारात कोणी स्वस्तात देऊ केली, तर ती नक्कल आहे असे धरूनच पुढे चाला.

४. कड वाचा

वेळ अपुरा असेल तर बाकी सारे सोडून एवढी पायरी तरी नीट करा. गोल पदकांवर सैनिकाची नोंद कडेवर असते, तर १९१४ आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या ब्राँझ पदकांवर ती मागच्या सपाट भागावर असते. सकाळी खिडकीतून तिरपा प्रकाश येत असेल तेव्हा पदक हळूहळू फिरवत वाचा. झिजलेली अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरप्या उजेडात उठून दिसतात.

ओळीचा क्रम बहुतेक असा असतो : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. हुद्दे शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार असे इंग्रजी अक्षरांत, कधी पूर्ण तर कधी तोडून लिहिलेले असतात. ‘एल. आय.’ म्हणजे लाईट इन्फन्ट्री, ‘एस. अँड एम.’ म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, अर्थात सुरुंग, पूल आणि रस्त्यांची कामे करणारे सैनिक. ‘ड्रायव्हर’ हा शब्द मोटारचालकासाठीच असतो असे नाही; पहिल्या महायुद्धात तो बहुधा खेचरे किंवा घोडे हाकणारा असे.

मराठी नावांच्या बाबतीत अतिशय सावध राहावे लागते. कारकुनाने कानाला जसे आले तसे लिहिले आहे. जाधवचे ‘जाधो’, पवारचे ‘पोवार’, भोसलेचे ‘भोन्सले’ झालेले दिसते. पुष्कळदा आडनावच नसते आणि दुसरे नाव हे वडिलांचे असते. त्यामुळे नाव जुळत नाही म्हणून पदक आपल्या आजोबांचे नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नका. आधी क्रमांक आणि पलटण जुळते का ते पाहा.

पलटणीच्या आकड्यावरून काळही कळतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे मराठा पलटणींचे आकडे १९२२ पूर्वीचे आहेत. त्या वर्षीच्या फेररचनेत पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री तयार झाली आणि तिच्या बटालियनांना नवे आकडे मिळाले. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभारली गेली. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या पदकावर ‘महार रेजिमेंट’ असे दिसले, तर ती नोंद नंतर कोरलेली आहे. जमादार हा हुद्दा १९६५ च्या सुमारास नायब सुभेदार झाला, हेही असेच उपयोगी आहे.

येथे एक सापळा आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या आणि तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. कुतची शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. त्यामुळे या पलटणींचे पदक हाती आले की विकणारा “कुतच्या वेढ्यातले” असे सांगून किंमत वाढवतो. पदक एवढेच सांगते की हा शिपाई त्या पलटणीत होता. वेढ्यात तो होता, आधीच जखमी होऊन परतला होता, की १९१७ साली भरती झाला, हे कडेवर लिहिलेले नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाची मोहिमेची पदके नाव न कोरता दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर आणि पदकांवर नाव ठोकलेले असते. म्हणून नाव नसलेला ‘बर्मा स्टार’, म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीचा तारा, नकली आहे असे नव्हे, पण तो मराठी शिपायाचा आहे असेही त्यावरून सिद्ध होत नाही.

५. राजाचा चेहरा, मागचे चित्र, पट्टी आणि फीत

दर्शनी बाजूला कोणाचा चेहरा आहे ते पाहा. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत आणि त्यानंतर सहावा जॉर्ज, एवढे पाठ केले तरी अर्धा काळ ठरतो. मग मागचे चित्र पाहा. महाराष्ट्रात वारंवार भेटणारी पदके पुढीलप्रमाणे ओळखता येतात.

‘ब्रिटिश वॉर मेडल’, १९१४-१८ : चांदीचे, व्यास ३६ मिलिमीटर, मागे घोडेस्वार, वर फीत ओवायची सरळ, न फिरणारी टांगणी. फीत मध्ये नारिंगी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या व काळ्या रेघा आणि कडेला निळी. हेच पदक ब्राँझमध्येही आहे. ते मजूर पथकांतल्या आणि तत्सम बिनलढाऊ नोकरीतल्या माणसांना मिळाले. चांदी नाही म्हणून लोक ते टाकून देतात. माझ्या मते ते अधिक जपण्यासारखे आहे, कारण त्या माणसांच्या नोकरीची दुसरी खूण सहसा उरलेली नसते.

‘व्हिक्टरी मेडल’ : सोनेरी झाकेचे ब्राँझ, पंख असलेली विजयदेवता, इंद्रधनुष्याच्या रंगांची फीत. आधीच्या पदकाबरोबर ते जोडीने येते, म्हणून एक सापडले की दुसऱ्याचा शोध घ्या.

‘इंडिया जनरल सर्व्हिस मेडल’, १९०८ : मागे डोंगरांपुढे जमरूदचा किल्ला, हिरव्या फितीत मध्यभागी निळा पट्टा. एडवर्डच्या आणि जॉर्ज पंचमच्या सुरुवातीच्या छापावर ‘कैसर-ए-हिंद’ ही अक्षरे आहेत. याच्या फितीवर चांदीच्या आडव्या पट्ट्या असतात आणि मोहीम कोणती ते त्या सांगतात : ‘अफगाणिस्तान एन. डब्ल्यू. एफ. १९१९’ (एन. डब्ल्यू. एफ. म्हणजे वायव्य सरहद्द), ‘वझिरिस्तान १९१९-२१’, ‘मलबार १९२१-२२’ आणि इतर. १९३६ साली आलेल्या नव्या पदकावर मागे वाघ आहे. या दोहोंची गल्लत सर्रास होते.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे, पितळी रंगाचे आणि मधोमध राजचिन्ह असलेले. कोणत्या आघाडीचा ते ताऱ्यावरच लिहिलेले असते. इटलीच्या ताऱ्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी आहे. ‘वॉर मेडल’वर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह आणि ‘इंडिया सर्व्हिस मेडल’वर हिंदुस्थानचा नकाशा आहे. ही दोन्ही निकेलमिश्रित तांब्याची, दिसायला रुपेरी. चांदी म्हणून त्यांचा भाव देऊ नका.

फितीवर मात्र एकट्या विश्वास टाकू नये. फीत झिजते, कुजते, बदलली जाते, आणि छावणीजवळचा शिंपी हाताशी असेल ती लावून देतो. फीत व पदक जुळत नसतील तर फीत चुकीची माना, पण ती फेकू नका. पदकाबरोबर वेगळ्या पाकिटात ठेवा. जुनी झिजलेली फीत काढून नवी, चकचकीत लावण्याचा मोह तर अजिबात करू नका.

याहून जुने काही दाखवले गेले तर? महाराष्ट्रात ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ हे नाव कानावर येतेच, कारण त्याच्या पट्ट्यांवर असई, खडकी, पुणे, कोरेगाव ही आपल्याच भूमीतल्या लढायांची नावे इंग्रजी वळणाने लिहिलेली आहेत. पण ते पदक १८५१ साली, म्हणजे असईच्या लढाईनंतर ४८ वर्षांनी मंजूर झाले आणि तोवर जिवंत असलेल्यांनाच मिळाले. अस्सल नग अत्यंत दुर्मीळ आणि नकला पुष्कळ. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

६. स्वातंत्र्यानंतरची पदके

यांतले सर्वांत बोलके पदक ‘इंडियन इंडिपेंडन्स मेडल’ आहे. एका बाजूला अशोकचक्र आणि त्याच्यावर ब्रिटिश मुकुट, दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. फीत केशरी, पांढरी, हिरवी. सत्तांतराचा तो मधला काळ इतक्या थोडक्या जागेत दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. परमवीर चक्राचे रेखाटन सावित्री खानोलकर यांचे; ब्राँझच्या चकतीवर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आणि मध्ये राजमुद्रा, फीत जांभळी. १९५२ मध्ये सुरू झालेल्या अशोक चक्राच्या तीन वर्गांना १९६७ पासून अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे आहेत, म्हणून जुन्या कागदावर ‘अशोक चक्र वर्ग ३’ असे आढळल्यास गोंधळू नका.

बाजारात मुख्यतः ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’, ‘सैन्य सेवा मेडल’, १९६५ चे ‘समर सेवा स्टार’ आणि ‘रक्षा मेडल’, १९७१ चे ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ दिसतात. यांच्या कडेवरही नोंद असते; ‘आय. सी.’ने सुरू होणारा क्रमांक अधिकाऱ्याचा आणि ‘जे. सी.’ने सुरू होणारा सुभेदार वर्गाचा. ही माणसे किंवा त्यांची मुले बहुधा हयात असतात. म्हणून मी स्वतःसाठी एक नियम ठेवला आहे : स्वातंत्र्योत्तर नावाचे पदक मिळाले, तर आधी कुटुंबाचा शोध घ्यायचा, आणि शौर्यपदक तर संग्रहासाठी घ्यायचेच नाही.

७. नक्कल, प्रतिकृती आणि खोडलेले नाव

सगळ्या प्रतिकृती फसवणुकीसाठी केलेल्या नसतात. अनेक सैनिक अस्सल पदके घरी जपून ठेवतात आणि परेडसाठी छावणीच्या दुकानातून केलेला जोड वापरतात. रात्रीच्या मेसमधल्या पोशाखावर लावायची अर्ध्या आकाराची पदकेही असतात. ती वाईट नाहीत. अस्सल म्हणून विकली जातात तेव्हा फसवणूक होते.

खरे पदक पोलादी ठशाने दाबून छापलेले असते, तर बहुतेक नकला साच्यात ओतलेल्या असतात. हा फरक मला एका ओतारी गृहस्थांनी शिकवला. त्यांनी ओतलेली एक छोटी मूर्ती आणि माझे पदक शेजारी धरून भिंगातून पाहायला सांगितले. ओतलेल्या धातूच्या सपाट भागावर बारीक भोके व दाणे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण राहते. ठशाच्या कामाची सवय डोळ्यांना लावायची असेल, तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे नाणे संग्रहालय आहे, तिथे एक अख्खी सकाळ घालवा. नाणी आणि पदके वेगळी असली, तरी छापलेल्या धातूचा पोत एकच असतो.

अधिक घातक प्रकार म्हणजे अस्सल पदकावरचे नाव घासून काढणे आणि त्याजागी मोठ्या लढाईतल्या माणसाचे नाव घालणे. यासाठी व्हर्नियर लागते. व्यास तीन-चार दिशांनी मोजा. ३६ मिलिमीटरचे पदक एका दिशेला अर्ध्या मिलिमीटरनेही कमी भरले, तर कड घासलेली असण्याची दाट शंका घ्या. नावाच्या भागाची चमक उरलेल्या कडेपेक्षा वेगळी आहे का, अक्षरे ठोकलेली आहेत की हाताने कोरलेली, हेही पाहा. चुंबक चिकटला तर पुढे पाहण्याची गरज नाही. चांदी, ब्राँझ आणि या पदकांतला निकेलमिश्रित धातू चुंबकाला चिकटत नाहीत.

८. विकत घेताना

नाशिकमध्ये सराफ बाजार, भांडी बाजारातले जुन्या पितळ-तांब्याचे व्यापारी आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, भरणारा बुधवारचा बाजार ही ठिकाणे आहेत. पुन्हा पुन्हा जावे लागते आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतावे लागते. ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा की कडेवर इंग्रजी अक्षरे असलेली चकती आटवण्याआधी एक फोन करा. चांदीचा भाव चढतो तेव्हा अशी पदके मोडीत येण्याचे प्रमाण वाढते, म्हणून त्या दिवसांत विशेष फेऱ्या मारा.

इंटरनेटवरून घेताना दोन्ही बाजूंची आणि पूर्ण कडेची स्पष्ट छायाचित्रे मागा. कडेचे छायाचित्र द्यायला टाळाटाळ होत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. पहिले वर्षभर खरेदी कमी आणि पाहणी जास्त करा. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय नाशिकहून एका दिवसात पाहून परतता येते.

९. कायद्याच्या तीन गोष्टी

पहिली, १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. पहिल्या महायुद्धाची बहुतेक पदके आता शंभरी ओलांडून गेली आहेत. परदेशातल्या ग्राहकाने कितीही किंमत देऊ केली, तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे विचारणा केल्याशिवाय पदक टपालात टाकू नका. पुरावशेषांचा व्यापार करायलाही परवाना लागतो.

दुसरी, आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी सैनिकाची चिन्हे अंगावर घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. संग्रहातली पदके छातीवर लावून छायाचित्रे काढू नका.

तिसरी, पावती. चोरीची वस्तू अजाणतेपणी घेतली गेली, तर तुमची बाजू मांडायला तेवढाच कागद असतो.

१०. साफसफाई आणि साठवण

साफ करू नका. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, दंतमंजन किंवा भांडी घासायची पावडर यांतले काहीही पदकाला लागता कामा नये. माझे दुसरे पदक मी कौतुकाने घासून आरशासारखे केले आणि त्यात नावातली दोन अक्षरे इतकी पुसट झाली की आज ती वाचता येत नाहीत. काळपट थर हे चांदीचे संरक्षण असते. धूळ मऊ ब्रशने झटका, घाम लागला असेल तर सुती कापडाने टिपा, एवढेच.

साठवणीत चांदीचे शत्रू म्हणजे रबर, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ब्राँझवर हिरवट चिकट थर धरतो. त्याऐवजी पॉलिएस्टरची कडक पाकिटे किंवा आम्लरहित कागद वापरा. नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः भिंतींना ओल येणाऱ्या वाड्यातल्या घरात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि श्रावण संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी बदला.

११. माणसाचा शोध

पदक ओळखले, आता कडेवरच्या माणसाकडे वळा. तो युद्धात मरण पावला असेल, तर युद्धात मेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिथे नोंदलेले आहेत. हिंदी सैनिकांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गावही असते. शोधताना नाव न घालता क्रमांक आणि पलटण घालून पाहा, कारण नावाचे स्पेलिंग तिथे आणखी वेगळे असू शकते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आणि लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचे जुने अंक हेही घरबसल्या पाहता येतात.

स्वातंत्र्योत्तर सैनिकासाठी त्याच्या रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय हे ठिकाण : मराठा लाईट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी आपलेच नाशिकरोड. तपशील सहसा स्वतः सैनिकाला किंवा वारसालाच मिळतात, म्हणून अर्ज कुटुंबाच्या नावाने करा. नातेसंबंधाचा पुरावा, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि कडेचे छायाचित्र सोबत जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला भेट दिली, तर अर्ज कोणाकडे करायचा याचे मार्गदर्शन मिळू शकते.

गावाचे नाव कळले तर तिथे जाऊन या. काही गावांत देवळाजवळ किंवा चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी असते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि इतके परतले नाहीत, असा तिच्यावरचा मजकूर असतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या पाटीवर हा दुसरा आकडा ४६ आहे.

प्रत्येक पदकासोबत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर कडेवरची पूर्ण ओळ जशीच्या तशी, पदकाचे नाव, मापे व वजन, कोठून आणि कधी मिळाले, काय शोधले, काय सापडले आणि काय सापडले नाही, असे रकाने असू द्या. ‘सापडले नाही’ हा रकाना कंटाळा न करता भरा, म्हणजे तोच शोध पुन्हा करावा लागत नाही. सराफ बाजारात मिळालेल्या माझ्या पहिल्या पदकाच्या चिठ्ठीवर क्रमांक, पलटण आणि नाव आहे. कमिशनच्या मृतांच्या यादीत तो क्रमांक मला आढळला नाही, तेव्हा तो शिपाई बहुधा युद्धातून परत आला. ‘गाव’ या रकान्यात अजून काही लिहिलेले नाही.